बेसबॉलचा ग्लोव्ह अन् बॉल : शिवण चाचपल्याशिवाय पैसे देऊ नका (५ पैकी ३ स्टार)

पोरगा यंदा शाळेत बेसबॉल खेळायला लागलाय, म्हणून मेन रोडवरच्या एका दुकानातून लेदरचा ग्लोव्ह १,४५० ला आणि दोन बॉल ६०० ला घेतले. महिना झाला वापरून, म्हटलं लिहावं.

ग्लोव्ह देताना दुकानदाराने विचारलं उजवा का डावा, मी म्हटलं पोरगा उजव्याने टाकतो, तर त्याने उजव्या हातात घालायचाच दिला! अहो, टाकायचा हात मोकळा नको का? दुसऱ्या दिवशी बदलायला गेलो तर "टॅग काढलाय साहेब", अर्धा तास हुज्जत घातली तेव्हा दिला बदलून. माल चांगलाय पण. आधी पापडासारखा कडक होता, रोज रात्री आत बॉल ठेवून दोरीने बांधला, पंधरा दिवसांत मऊ झाला.

खरी बोंब बॉलची. वजन बरोबर आहे, घरच्या काट्यावर १४५ ग्रॅम भरलं (क्रिकेटचा सीझन बॉल १५६ च्या पुढे असतो), पण एकाची शिवण आठ दिवसांत उसवली. बेसबॉलला १०८ दुहेरी टाके असतात आणि पिचरचं (बॉल टाकणाऱ्याचं) सगळं पोट त्या टाक्यांवर, बोटं तिथे अडकली तरच बॉल हवेत वळणार, नाहीतर नुसता सरळ येतो अन् मार खातो.

हे मला कळलं ते मॉर्डेकाय ब्राऊन या जुन्या अमेरिकन पिचरबद्दल वाचून. इंडियानातला शेतकऱ्याचा पोरगा, लहानपणी कडबाकुट्टीत उजव्या हाताची तर्जनी गेली, नंतर पडला तर बाकीची बोटंही मोडून वाकडी जुळली. कोळशाच्या खाणीत काम केलं. आणि त्याच हातामुळे त्याच्या बॉलला अशी काही फिरकी लागायची की बॅटरजवळ येऊन बॉल धपकन खाली बसायचा. १९०३ ते १९१६ मोठ्या लीगमध्ये खेळला, २३९ मॅच जिंकल्या, १९०६ ला शिकागो कब्ज या टीमकडून त्याचा ईआरए (पिचरची सरासरी) १.०४, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याने समोरच्यांना दिला जेमतेम एक रन! १९०७ आणि १९०८ ला कब्ज वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली अजिंक्यपदाची फायनल, जिंकले त्यात तो होताच. मॅथ्यूसन म्हणून दुसरा दिग्गज पिचर, दोघं शेवटची मॅच १९१६ ला एकमेकांविरुद्धच खेळले, मॅथ्यूसन १०-८ ने जिंकला. हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या दिग्गजांची मानाची यादी) ब्राऊनला घेतलं १९४९ ला, तो ४८ लाच गेलेला. आपल्याकडचंच वाटतं नाही?

माझ्या निफाडच्या मामांचं पण तेच बोट कडबाकुट्टीत गेलंय. पोराने हे ऐकल्यावर त्यांना गोल्फ क्लबच्या मैदानावर ओढूनच नेलं, म्हणे आजोबा टाका. पहिले चार कुठेही गेले, पाचवा मात्र असा बसला की पोरगा ग्लोव्ह वर धरून उभा आणि बॉल थेट नडगीवर. मामा जाम खूष. धड शिवणीचा तो एकच बॉल होता, तो पिशवीत टाकून निफाडला घेऊन गेले. आता नवीन घ्यायचाय, दुसरं दुकान माहीत असेल तर सांगा.