निहोंगा रंगसंच: नाशकातल्या उन्हाळ्यात वापरून पाहिला

पांडवलेण्यांत वीस नंबरच्या लेण्यात गाभाऱ्यात बसलेला बुद्ध आहे. मी तो जलरंगात बरेचदा केलाय, पण दगड कधी दगड वाटला नाही. हिरायामा इकुओ यांची चित्रं छापील पाहिली तेव्हापासून निहोंगाचे, म्हणजे पारंपरिक जपानी चित्रशैलीचे, दाणेदार रंग डोक्यात होते. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेला हा चित्रकार. १९५९ साली त्याने ह्युएन त्संगचं चित्र काढलं आणि पुढे जन्मभर बुद्ध आणि रेशीममार्गच रंगवला.

शेवटी ऑनलाइन संच मागवला. बारा रंग, ते चिकटवायला सरसाच्या काड्या, गोफुन नावाचा पांढरा, ब्रश, कागद. साडेसहा हजार, वर कस्टम्सचा फटका.

रंग उत्तम. बाटलीवर आकडे असतात. आकडा लहान तेवढा दाणा जाड नि रंग गडद. पाच नंबरचा निळा बोटाला खरखरीत लागतो, तेराचा पिठूळ आणि फिका. हे खरं खनिज नव्हे, रंगीत काच दळलेली आहे. माझी तक्रार नाही, अस्सल अ‍ॅझुराइट, म्हणजे निळं खनिज, पेन्शनीत बसत नाही! बशीत सरस घालून रंग मधल्या बोटानेच कालवायचा. दाणे तळाशी बसतात, म्हणून दर फटकाऱ्याआधी पुन्हा ढवळायचं, आणि थर वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये. पण जाड करडा वाळला की उजेड त्यात कणाकणाने अडकतो. बुद्धाच्या खांद्यावर छिन्नीचे घाव दिसायला लागले, तेव्हा पैसे वसूल झाले.

सरसाची मात्र कटकट. जनावराच्या कातड्याचा असतो. रात्रभर भिजवायचा, मग गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवायचा. उकळला की चिकटपणा गेला. एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो, सकाळचा सरस संध्याकाळी वास मारतो. फ्रीजमध्ये ठेवावा, तर ‘दह्याशेजारी कातडं नको’ असा सौ.चा हुकूम. आता रोज लागेल तेवढाच करतो.

गोफुन म्हणजे शिंपल्यांची पांढरी पूड. खलात घोटून, सरस घालून कणकेसारखा गोळा मळायचा आणि बशीत शंभरदा आपटायचा. चेहऱ्याखाली हा पांढरा हवाच, पोस्टर कलरमधला पांढरा इथे चालत नाही.

कागद फसवा निघाला. त्याला सरस-तुरटीचा हात दिलेलाच नव्हता, पहिला थर थेट आत शोषला गेला. तुरटी किराणा दुकानात मिळते, हात घरी द्या. ब्रशचे केस गळतात, त्याहून बरा मेन रोडला मिळेल.

पाचपैकी साडेतीन. पुन्हा पूर्ण संच घेणार नाही. निळा, हिरवा आणि करडा, प्रत्येकी एक जाड नि एक बारीक दाण्याचा, असे सुटे मागवीन. गोफुन मात्र मोठी पिशवी. आणि मागवायचंच तर दिवाळीनंतर मागवा, थंडीत सरस दोन-तीन दिवस टिकतो.