हिवाळ्यात बायकोला कुठली गाडी द्यावी: फोर बाय फोर की छोटी?

दर हिवाळ्यात शनिवारी पहाटे बायको हडपसरहून निघते आणि दौंड तालुक्यात, यवतच्या पुढे, तिच्या माहेरच्या शेतावर जाते. घरात दोन गाड्या आहेत: माझी डिझेलची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते अशी, आणि तिची हॅचबॅक. बर्फ नाही, पाऊस संपलेला, मग तिला फोर बाय फोर कशाला द्यायची, असं पहिली दोन वर्षं मलाही वाटायचं.

सोलापूर रस्त्यापुरतं बोलायचं तर छोटीच बरी. स्टिअरिंग हलकं, खर्च कमी. धुक्यात तर चार चाकांना ताकद मिळून काहीच फायदा नाही, कारण ब्रेक दोन्ही गाड्यांचे चारही चाकांना लागतात. कारखाने सुरू असतात आणि उरुळी कांचनच्या पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली कधी समोर येईल, नेम नाही. तिथे उपयोगी पडतो तो फक्त कमी वेग.

खरी कसोटी शेवटच्या दीड किलोमीटरच्या पाणंदीत. आमची पाणंद पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात वाईट असते. ऊसतोड सुरू झाली की भरलेल्या ट्रॉल्या दोन खोल चाकोऱ्या पाडतात, मधे उंचवटा उरतो. त्यात मुठा कालव्याचं रब्बीचं आवर्तन, म्हणजे ठरलेलं पाणी, सुटलं की चारी (पाण्याचा पाट) कुठेतरी फुटतेच आणि काळ्या मातीचा लगदा होतो. हॅचबॅकचं पोट त्या उंचवट्यावर टेकतं आणि पुढची चाकं जागेवर फिरत राहतात.

रुतण्याचंही एवढं काही नाही. मला असह्य होतं ते ट्रॅक्टरची वाट बघणं. तोडणीच्या दिवसांत रिकामा ट्रॅक्टर मिळत नाही. गेल्या डिसेंबरात ती सकाळी सातला रुतली, ट्रॅक्टर आला साडेदहाला. दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, सांगितलेला गडी तिची वाट बघून दुसऱ्याच्या शेतावर गेला आणि कांद्याची पाण्याची पाळी चुकली. ती फोनवर एवढंच म्हणाली, "वाफे कोरडेच राहिले." तेव्हापासून माझं माप बदललं.

फोर बाय फोरलाही खोडी आहेत. थार, जिम्नी यांसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडायच्या, फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं. डांबरावर फोर एच (चारही चाकं जोडलेली) तसंच ठेवून वळलात तर गाडी अडखळते, गिअरांवर ताण येतो. एकदा बायकोनं डांबराला लागल्यावर लिव्हर टू एचमध्ये (फक्त मागची दोन चाकं) आणला, तरी समोरचा फोर बाय फोरचा दिवा विझेना. काहीतरी मोडलं म्हणून ती घाबरली. मोडलेलं काही नव्हतं, अडकलेला ताण सुटायचा होता. स्टिअरिंग सरळ ठेवून दहा फूट मागे घेतली आणि दिवा गेला. हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. नंतर एका रविवारी आम्ही मोकळ्या मैदानात तासभर तेवढाच सराव केला. फोर एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त ओढ) टाकायचं तर गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये, हेही तेव्हाच. आता ती माझ्यापेक्षा सफाईनं टाकते.

रस्त्याच्या टायरांच्या खाचा काळ्या मातीनं भरल्या की फोर बाय फोरही घसरते, त्यामुळे फार भरवसा मीही ठेवणार नाही. पण पोट टेकत नाही आणि मागची चाकं ढकलत राहतात. या मोसमात तिला एकदाही ट्रॅक्टर बोलवावा लागलेला नाही.

तुमच्याकडे शेतापर्यंत डांबर किंवा चांगला मुरूम असेल तर छोटीच द्या, मी आग्रह करणार नाही. आमच्याकडे मात्र शुक्रवारी रात्रीच मी फोर बाय फोरची सीट तिच्या मापानं पुढे घेतो, आरसे खाली करतो, मागे दोर आणि फावडं टाकतो. शनिवारी मंडईत मी हॅचबॅक नेतो.