जुनी बोट घेतली, आता नाव तेच ठेवायचं की बदलायचं?

मराठीत एक गंमत आहे, बोटीलाही नाव म्हणतात आणि नावालाही नाव, आणि नावेला नाव ठेवायचं म्हटलं की नावं ठेवणारे चार जण आधी हजर असतात. आम्ही तिघांनी मिळून आठ मीटरची एक जुनी शिडाची बोट घेतली तेव्हा इंजिन, शीड, नांगराची साखळी यावर जेवढं भांडलो नाही तेवढं नावावर भांडलो. बोटीचं आधीचं नाव होतं 'लिक्विड अ‍ॅसेट'. म्हणजे पटकन रोख करता येणारी मालमत्ता, आणि लिक्विड म्हणजे द्रवही, असा कोणा फायनान्सवाल्याचा जोक. पहिल्यांदा ऐकला की हसू येतं, दहाव्यांदा येत नाही.

तर सेकंडहँड बोट घेणाऱ्यासमोर चार पर्याय असतात. नाव तेच ठेवा, रीतसर विधी करून बदला, विधी-बिधी सोडून फक्त कागदावर बदला, किंवा मधला मार्ग म्हणून जुन्या नावालाच जरा वळण द्या. चारही वापरणारे लोक आहेत आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं.

आधी तो अपशकुनाचा विषय संपवू

बोटीचं नाव बदलणं अशुभ, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगणार. पाश्चात्त्य खलाशांची गोष्ट अशी की प्रत्येक बोटीचं नाव समुद्रदेवाच्या, म्हणजे नेपच्यूनच्या वहीत लिहिलेलं असतं आणि तुम्ही त्याला न विचारता नाव बदललंत तर तो समजतो की काहीतरी लपवताय. यात 'लपवताय' हा शब्द महत्त्वाचा, कारण मला वाटतं या समजुतीची मुळं देवापेक्षा माणसांच्या लबाडीत जास्त आहेत. कर्ज बुडवायचंय, चोरीचं जहाज विकायचंय, वाईट इतिहास झाकायचाय, तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रंग मारा आणि नवीन नाव लिहा. त्यामुळे नाव बदललेल्या जहाजाकडे बंदरातले लोक संशयानेच बघणार. आजही तेच चालतं, आणि म्हणूनच मोठ्या जहाजांना सात आकडी आयएमओ नंबर (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा ओळख क्रमांक) असतो जो 1996 पासून सक्तीचा झाला, आणि मालक बदलो, झेंडा बदलो, नाव दहा वेळा बदलो, तो नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. म्हणजे नेपच्यूनची वही आता खरोखरच आहे म्हणा ना, फक्त ती ऑफिसात असते.

आता इतिहास बघितला तर दोन्ही बाजूंना हवे तेवढे पुरावे मिळतात, हीच तर मजा आहे. विरोधवाले 'मेरी सेलेस्ट' या जहाजाचं उदाहरण देतात, 1872 मध्ये भर समुद्रात रिकामी सापडलेली, एकही माणूस नाही. तिचं आधीचं नाव 'अ‍ॅमेझॉन' होतं आणि ते बदललं होतं, बघा! पण तेच लोक हे सांगत नाहीत की 'अ‍ॅमेझॉन' असतानाच तिचा पहिला कॅप्टन पहिल्याच सफरीत आजारी पडून वारला होता आणि पुढे ती किनाऱ्यावर आपटून मोडकळीला आली तेव्हाही नाव जुनंच होतं. दुसरं आवडतं उदाहरण 'क्वीन एलिझाबेथ', ते अवाढव्य प्रवासी जहाज, जे 'सीवाइज युनिव्हर्सिटी' असं नाव दिल्यावर 1972 मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जळालं.

उलट बाजूला इंग्रज दर्यावर्दी ड्रेक. पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तेव्हा जहाजाचं नाव 'पेलिकन' होतं, 1578 मध्ये ऐन वाटेत त्यानं ते बदलून 'गोल्डन हाइंड' केलं, कारण सफरीला पाठबळ देणाऱ्या सरदाराच्या चिन्हात सोनेरी हरिणी होती (स्पॉन्सरला खूश ठेवणं तेव्हाही होतंच), आणि 1580 मध्ये लुटीनं भरलेलं जहाज घेऊन सुखरूप परत आला. कॅप्टन कुकचं 'एंडेव्हर' आधी 'अर्ल ऑफ पेम्ब्रोक' नावाचं कोळसा वाहणारं जहाज होतं. आपल्या नौदलाची 'विक्रमादित्य' घ्या, ती आधी 'बाकू' होती, मग 'अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह' झाली, 2013 मध्ये 'विक्रमादित्य'. दोनदा नाव बदललेली विमानवाहू नौका व्यवस्थित फिरतेय. आणि शर्यतीच्या बोटींचं तर विचारूच नका, तिकडे स्पॉन्सर बदलला की नाव बदलतं, एकट्यानं जगाला फेरी मारायच्या व्हॉन्दे ग्लोब शर्यतीत 2021 मध्ये जिंकलेली 'मेत्र कोक' ही आधी 'साफ्रान' नावानं पळत होती.

माझं आवडतं उदाहरण मात्र अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स'. बांधलं तेव्हा नाव 'पोलॅरिस', म्हणजे ध्रुवतारा. त्यानं विकत घेऊन घराण्याच्या ब्रीदवाक्यावरून 'एन्ड्युरन्स' केलं. 1915 मध्ये बर्फानं चिरडून बुडालं, पण त्यावरची 28 च्या 28 माणसं वाचली. आता हे शुभ धरायचं की अशुभ? 2022 मध्ये ते 3008 मीटर खोल सापडलं तेव्हा मागच्या बाजूला 'एन्ड्युरन्स' ही अक्षरं स्पष्ट दिसत होती आणि त्यांच्या खाली जुन्या नावाचा पाच टोकांचा तारा तसाच. म्हणजे शॅकल्टननंही जुनं नाव पूर्ण पुसलं नव्हतं!

नाव तेच ठेवणं

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे काहीच करायचं नाही. कागद, विमा, रेडिओचं लायसन्स, सगळं फक्त मालकाच्या नावावर करायचं. शिवाय बोटीची ओळख टिकते, जुने शेजारी तिला नावानं ओळखतात, तिची आधीची दुरुस्ती कोणी केली हे विचारता येतं. नाव सुंदर असेल किंवा बोटीला काही इतिहास असेल तर मी हात लावणार नाही. समुद्रावरच्या फिल्म काढणाऱ्या फ्रेंच कुस्तोनं माइन्स शोधणारं जुनं जहाज घेतलं, ते मधल्या काळात फेरीबोट म्हणून चालत होतं आणि तिथेच त्याला 'कॅलिप्सो' नाव मिळालं होतं, त्यानं ते तसंच ठेवलं आणि पुढे जगभर तेच गाजलं.

तोटा एकच, पण तो रोजचा आहे. दुसऱ्याच्या बायकोचं किंवा दुसऱ्याच्या जोकचं नाव तुम्ही रेडिओवर स्वतःच्या आवाजात घेत राहता. काहींना काही वाटत नाही, मला वाटायचं.

पूर्ण विधी करून बदलणं

विधीचे दोन भाग असतात आणि लोक दुसऱ्याच भागाच्या मागे असतात कारण त्यात बाटली असते. पहिला भाग म्हणजे जुन्या नावाची प्रत्येक खूण बोटीवरून काढायची. बाहेरची अक्षरं तर झालीच, पण लाइफबॉय (बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं), वल्ही, टूलबॉक्स, किल्लीची चेन, लॉगबुक, मॅन्युअलच्या पहिल्या पानावर पेननं लिहिलेलं, सगळं. आणि हे होईपर्यंत नवीन नावाची एकही वस्तू बोटीवर आणायची नाही. दुसरा भाग म्हणजे नेपच्यूनला विनंती करायची की तुझ्या वहीतून हे नाव खोड, थोडी शॅम्पेन समुद्राला, थोडी बोटीला, मग नवीन नावाचं बारसं, मग चार दिशांच्या चार वाऱ्यांना घोट घोट. काही जण धातूच्या पट्टीवर जुनं नाव लिहून समुद्रात टाकतात, ते कृपया करू नका, समुद्रात कचरा कशाला. फ्रेंच खलाश्यांत वेगळीच रीत आहे, बोटीच्या मागे पाण्यात जी रेघ उमटते तिच्यात एक साप असतो म्हणे, मग बोट वळवून स्वतःचीच रेघ पुन्हा पुन्हा कापायची म्हणजे तो तुटतो. ही मला फार आवडली, फुकट आहे आणि मजा येते.

पण खरं सांगू का, पहिला भाग हा अंधश्रद्धा नाहीच, ते चेकलिस्ट आहे. समजा तुमची लाइफबॉय वाहून गेली आणि कोणाला सापडली आणि तिच्यावर असं नाव आहे जे आता कुठल्याच नोंदीत नाही, तर ते कोणती बोट शोधणार?

अक्षरं काढणं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही हेही सांगून ठेवतो. आमच्याकडे विनाइलची अक्षरं होती, हीट गननं हळूहळू गरम करून प्लास्टिकच्या पट्टीनं सोलली, चिकट गोंद सॉल्व्हंटनं पुसला, आणि मागे सरकून बघतो तर 'लिक्विड अ‍ॅसेट' तिथेच! उन्हानं आजूबाजूचा जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा चकचकीत थर, वर्षानुवर्षं फिका पडलेला आणि अक्षरांखालचा मात्र मूळ रंगात, त्यामुळे भुतासारखं नाव उमटलेलं. रबिंग कंपाउंडनं दोन दिवस घासलं तेव्हा कुठे गेलं, आणि तरी सकाळच्या तिरक्या उन्हात 'क्वि' अजून दिसतो असं माझा एक पार्टनर म्हणतो.

विधी न करता फक्त कागदावर बदलणं

हा पर्याय सगळ्यात जास्त लोक घेतात आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. विधी केला नाही म्हणून नाही, तर नाव अर्धवट बदललं म्हणून. बोटीवर नवीन नाव, रजिस्ट्रेशनवर नवीन, पण एआयएसमध्ये (आसपासच्या जहाजांना बोटीचं नाव आणि ठिकाण आपोआप कळवणारं यंत्र) जुनंच राहिलं, म्हणजे समोरच्या जहाजाच्या स्क्रीनवर तुम्ही अजून 'लिक्विड अ‍ॅसेट', तो त्या नावानं हाक मारतोय आणि तुम्ही चहा पीत बसलाय. तसंच राहून जातं ते एमएमएसआय नंबर (बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक) ज्या नोंदीत आहे तिथलं नाव, विम्याची पॉलिसी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ईपर्बची, म्हणजे संकटात उपग्रहाला सिग्नल पाठवणाऱ्या बीकनची नोंद, कारण तो चालू झाला की बचाव पथक आधी त्या नोंदीत बघून बोटीचं नाव आणि घरच्यांचा फोन काढतं. हे सगळं एकाच आठवड्यात करणार असाल तर विधी करा न करा, माझ्या दृष्टीनं सारखंच. जमणार नसेल तर जुनं नाव राहू दे.

मधला मार्ग

जुन्या नावातला एक शब्द ठेवायचा, किंवा आधीच्या बोटीचं नाव पुढे चालवायचं. इंग्रज खलाशी चिचेस्टरनं 1966-67 मध्ये ज्या बोटीतून एकट्यानं जगाला फेरी मारली ती 'जिप्सी मॉथ 4', मूळ नाव त्याच्या विमानाचं. तुमची ही तिसरी बोट असेल तर हे छान जमतं. मात्र 'टायटॅनिक 2' नको, 2011 मध्ये इंग्लंडात खरोखर त्या नावाची 16 फुटी बोट पाण्यात उतरवली आणि ती बुडाली.

बरं, बदलायचं ठरलं तर नाव कसलं?

इथे माझा एकच हट्ट आहे. बोटीचं नाव पाटीवर वाचण्यासाठी कमी आणि रेडिओवर ओरडण्यासाठी जास्त असतं. मेडे कॉलमध्ये, म्हणजे संकटात रेडिओवर मदत मागताना, 'मेडे' तीनदा झालं की बोटीचं नाव तीनदा म्हणायचं असतं, वारा, इंजिन, घाबरलेला आवाज, व्हीएचएफ रेडिओची खरखर यातून ते समोरच्याला कळलं पाहिजे, नाही कळलं तर अल्फा-ब्राव्हो करत एकेक अक्षर सांगावं लागतं. आता कल्पना करा, पाणी आत येतंय आणि तुम्ही म्हणताय 'सिंकिंग फीलिंग, सिंकिंग फीलिंग, सिंकिंग फीलिंग'. कोस्ट गार्डला वाटणार तक्रार करतोय की नाव सांगतोय. अमेरिकेत कोस्ट गार्डकडे नोंद होणाऱ्या बोटींना संकटाच्या शब्दांसारखं ऐकू येणारं नाव मिळतच नाही, आणि 33 अक्षरांच्या वर जाता येत नाही. एआयएस तर त्याहून कंजूष, तिथे फक्त 20 जागा, त्याही रोमन कॅपिटलमध्ये. म्हणजे 'श्री समुद्रराजकन्या ऐश्वर्यलक्ष्मी' असं काही मनात असेल तर स्क्रीनवर निम्मीच राजकन्या दिसणार.

जोकची नावं आणि साधी नावं यात मी साध्याकडे. जोक मालकाबरोबर जुना होतो. बायकोचं किंवा मुलीचं नाव गोड वाटतं, पण दोन मुली असतील तर दुसरी बोट घ्यायची तयारी ठेवा, शिवाय 'कविता किनाऱ्यावर आपटली' असे मेसेज फिरतात. वारा, तारे, पक्षी ही नावं सगळ्यात टिकाऊ. ब्रिटिश खलाशी नॉक्स-जॉन्स्टननं न थांबता एकट्यानं जगाला पहिली फेरी मारली ती 'सुहेली'तून, ते अरब खलाशांनी एका वाऱ्याला दिलेलं नाव. ओळखीच्या वाऱ्याचं नाव, रेडिओवर स्पष्ट, अजून काय पाहिजे.

आम्ही शेवटी 'टिटवी' ठेवलं. टिटवीदेखील समुद्र आटवते ही म्हण तिघांनाही आवडली, आठ मीटरच्या बोटीला तेवढा माज शोभतो. शिवाय तीन अक्षरं, 'टि' आणि 'ट' दोन्ही कडक, खरखरीतूनही कानावर आदळतात. ठरवण्याआधी एकाला धक्क्याच्या टोकाला उभं केलं आणि इंजिन चालू ठेवून हातातल्या रेडिओवरून पाच नावं तीन-तीनदा म्हटली, त्याला जी कळली ती लिहून घ्यायला सांगितली. माझं लाडकं नाव 'ऊर्मी' त्यानं 'उर्वी' लिहिलं, तिथेच ते बाद. ही टेस्ट नक्की करा, दहा मिनिटं लागतात.

विधी आम्ही अर्धाच केला. सगळ्या खुणा काढल्या, वाऱ्यांना प्यायला दिलं, सापाची रेघ तीनदा कापली. दोन वर्षांनी मागच्या कप्प्यात तळाशी एक बादली सापडली, तिच्या बुडाला मार्करनं 'लिक्विड अ‍ॅसेट'. फेकली नाही. आत आलेलं पाणी त्याच बादलीनं उपसतो.