उलगडणारी बुलेटप्रूफ ब्रीफकेस: घेण्याआधी काय बघायचं

राष्ट्रप्रमुखाच्या डाव्या-उजव्या अंगाला चालणाऱ्या अंगरक्षकाच्या हातात काळी, सपाट ब्रीफकेस दिसली की आत अणुबॉम्बचं बटण असणार अशी चर्चा रंगते. आत बहुतेक वेळा काहीच नसतं. बॅग हीच ढाल असते. मुठीजवळचा खटका दाबला की घडी घातलेली पानं (गोळी अडवणारे सपाट भाग) स्वतःच्या वजनाने खाली सुटतात आणि हातात हनुवटीपासून गुडघ्यापर्यंतचा पडदा उरतो.

बाजारात दोन पानी, तीन पानी, पिस्तुलाच्या गोळीपुरत्या आणि रायफलच्या गोळीपर्यंतच्या अशा बॅगा मिळतात. निकाल आधीच सांगून टाकतो: तीन पानी, पिस्तुलाच्या दर्जाची, कापडी बिजागरीची घ्या. दोन पानी बॅग उघडली तरी डोकं किंवा पोट, एक काहीतरी उघडं राहतं.

रायफलवाली का नको? वजनाचा हिशोब करा. पान साधारण ५० बाय ३५ सेंटिमीटरचं, म्हणजे तिन्ही मिळून अर्धा चौरस मीटर. पिस्तुलाची गोळी अडवणारं मऊ अरामिड (केव्हलारच्या जातीचं कापड) चौरस मीटरला ५ ते ६ किलो भरतं. त्यात कडकपणासाठी घातलेला पत्रा, कव्हर, मूठ धरली की बॅग ४ ते ५ किलोंवर जाते. तेवढीच बॅग रायफलची साधी गोळी अडवणाऱ्या पॉलिथिलीनची केली तर नुसती पानंच ८ किलोंच्या पुढे, आणि चिलखतभेदी गोळीसाठी सिरॅमिक घातलं तर १८ किलोंच्या आसपास. बारा तासांच्या ड्युटीत आठ किलो एका हातात धरणारा माणूस तिसऱ्या तासाला हात बदलतो, पाचव्या तासाला बॅग खाली टेकवतो. हल्ला नेमका तेव्हा झाला तर दर्जाचा काय उपयोग? या नोकरीत खांदा आणि कंबर आधी जातात, हे खरेदी करणाऱ्या बाबूंना सहसा माहीत नसतं.

दर्जाचं लेबल नीट वाचा. 'लेव्हल IIIए' एवढंच लिहून भागत नाही, कोणत्या मानकानुसार ते हवं. अमेरिकेच्या एनआयजेचं (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस, अशी मानकं ठरवणारी सरकारी संस्था) ढालीच्या साहित्यासाठीचं जुनं मानक ०१०८.०१ आहे, १९८५ सालचं. त्यातल्या IIIए मध्ये ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी आणि .४४ मॅग्नमची १५.५५ ग्रॅमची गोळी, दोन्ही सेकंदाला ४२६ मीटर वेगाने झाडतात. अंगात घालायच्या जॅकेटचं मानक वेगळं: ०१०१.०६, आणि २०२३ पासून त्याच्या जागी ०१०१.०७. त्यात गोळी आरपार गेली नाही एवढ्यावर सुटका नाही. चाचणीत जॅकेटमागे ठेवलेल्या मातीत पडलेला खळगा ४४ मिमीच्या आत असावा लागतो. ढालीच्या मानकात ही अटच नाही. तिथे १५ सेंटिमीटर मागे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा उभा करतात आणि त्याला भोक पडलं का, एवढंच बघतात.

म्हणजे 'पास' झालेली बॅगही मागच्या बाजूने किती फुगेल याची हमी लेबल देत नाही. पान छातीला चिकटवून धरलं तर गोळी अडेल, पण त्या फुगवट्याने बरगडी मोडू शकते. वीतभर अंतर ठेवूनच धरायचं. मूठ आणि आतला पट्टा असे बसवलेले हवेत की मनगट पानाला टेकणारच नाही. काही बॅगांत आतला पट्टा थेट पानावर सपाट शिवलेला असतो आणि हात मधे चेपला जातो. अशी बॅग परत करा.

खटका हा या वस्तूचा जीव. बॅग डाव्या हातात असते, उजवा पिस्तुलासाठी मोकळा. मग खटका डाव्या अंगठ्याखाली यायला हवा आणि डावखुऱ्यासाठी उलटा बसवता यायला हवा. मूठ घट्ट धरल्याने चुकून सुटणारा खटका नको, आणि घामट हाताने दोनदा दाबावा लागेल असाही नको. हातमोजे घालून, बॅग ओली करून, गाडीत बसल्या जागी आणि दोन माणसांच्या मधे चेपून उघडून पाहा. एका सेकंदात पूर्ण उघडली नाही तर तिचं काम नाही. वेल्क्रोवर बंद होणारे नमुने स्वस्त पडतात, पण वेल्क्रोत धागे-केस अडकले की ती कधी आपोआप सुटते, कधी सुटतच नाही. लोहचुंबक बरे, स्प्रिंगचा खटका सर्वात बरा. सरावासाठी त्याच वजनाची वेगळी डमी ठेवा. रोज पन्नासदा उघडलेली खरी बॅग वर्षभरात बिजागरीपाशी सैल पडते.

बिजागरीवर बोट फिरवून पाहा. दोन पानांच्या मधे नुसतं नायलॉनचं कापड लागलं तर तिथून गोळी सरळ आत येईल. गोळी अडवणारे थर एकमेकांवर तीन-चार बोटं चढलेले हवेत. दुसरा दोष खालच्या पानाचा. ते लोंबतं असल्याने गोळी लागताच मागे उडतं आणि मांड्या उघड्या पडतात. उघडल्यावर पानांना ताठ धरणारी पट्टी किंवा कुलूप असेल तर हे बरंच कमी होतं. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यातही हीच पट्टी कामाला येते. जिन्यावर मात्र तीन पानी बॅग खालच्या पायरीला अडकते. तिथे वरची दोनच पानं सोडायची सोय असलेला नमुना मिळाला तर सोडू नका.

आता ही वस्तू प्रत्यक्षात किती कामाची? ८ जुलै २०२२ ला जपानच्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर हल्ला झाला तेव्हा अंगरक्षकांकडे अशा बॅगा होत्या. पहिला बार चुकला, दुसरा सुमारे अडीच सेकंदांनी झाला. बॅगा पुढे आल्या, पण उशिरा. पहिला आवाज बंदुकीचा आहे हे ओळखण्यातच वेळ गेला. एक सेकंद ओळखायला, एक उघडायला, मग चालायला उरतो अर्धा; तेवढ्यात एकच पाऊल होतं. म्हणून बॅगवाला व्हीआयपीपासून पावलाच्या अंतरावर हवा, अंगरक्षकांच्या बाहेरच्या कड्यात नको. आवाज आल्यावर आधी शरीर मधे घालायचं आणि जाता-जाता खटका दाबायचा. जागेवर उभं राहून बॅग उघडणारे जवान प्रात्यक्षिकात फार छान दिसतात.

त्याहून वेगवान हल्लाही झालेला आहे. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर १.७ सेकंदांत सहा गोळ्या सुटल्या. तिथे त्यांच्या सुरक्षेतल्या एका एजंटने ब्रीफकेस उघडली ती उझी बंदूक काढण्यासाठी. रेगन यांना वाचवलं ते गाडीत ढकलणाऱ्या जेरी पार यांनी आणि हात-पाय पसरून पोटात गोळी घेणाऱ्या टिम मॅकार्थी यांनी. तरीही एक गोळी चिलखती गाडीच्या बाजूला आपटून, उघडं दार आणि गाडी यांच्या मधल्या फटीतून आत गेली आणि रेगन यांच्या डाव्या काखेखाली लागली.

ही फट भरणं हा या बॅगेचा सर्वात चांगला उपयोग आहे, आणि त्याचा सराव सर्वात कमी होतो. उघडी बॅग दारातून आत जात नाही, मधे अडकून दार बंद व्हायचं राहतं. क्रम असा: व्हीआयपी वाकून आत, बॅग बाहेरून दार आणि गाडीचा खांब (दाराची चौकट) यांच्या फटीवर उभी, दार ढकललं जात असताना बॅग वर ओढून बाजूला, आणि बॅगवाला मागच्या गाडीत. बॅग आधी काढली तर फट उघडी. उशिरा काढली तर दारात चेपते आणि गाडी अडते. हे दहा-बारा वेळा त्याच गाडीवर केल्याशिवाय जमत नाही, कारण प्रत्येक गाडीचं दार वेगळ्या कोनात उघडतं.

निगेचं थोडक्यात. अरामिडला पाणी आणि ऊन चालत नाही, म्हणून पानातलं पॅनल (गोळी अडवणारा गाभा) सीलबंद पिशवीत असतं. त्या पिशवीला चीर गेली की पॅनल बदलायचं, टेप लावायची नाही. पॉलिथिलीनला उष्णता सोसत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅग पडून राहू देऊ नका. एकदा गोळी लागलेलं पान बाहेरून धड दिसलं तरी बाद. ठेवताना आडवी ठेवा, वर सामान रचू नका. पॅनलवर छापलेली उत्पादनाची तारीख आणि बाहेरच्या कव्हरवरची तारीख जुळते का तेही बघा. जुनी पॅनलं नव्या कव्हरात घालून विकण्याची पद्धत आहे, आणि ते चेन उघडून आत हात घातल्याशिवाय कळत नाही.