कॉवर्ड, टिमिड की कॉशस? बाबाला कोणता शब्द लावायचा

दहावीतल्या एका मुलीनं इंग्रजी निबंधात बापाविषयी लिहिलं, 'ही इज अ कॉवर्ड.' का, तर शेतातल्या पंपाची लाईन, म्हणजे वीज, रातची असली की हरभऱ्याच्या ओलिताला तो एकटा जात नाही, शेजाऱ्याला सोबत घेतो. "मॅडम, माह्या बाबाले भेव लागते, म्हणून लिवलं." शब्दाखाली तिनं दोनदा रेघ ओढली होती. मला तो शब्द फार लागला.

कॉवर्ड म्हणजे भ्याड. स्पेलिंगमध्ये 'काऊ' (cow) दिसतो, पण गायीशी त्याचा काही संबंध नाही. लॅटिनमध्ये शेपटीला 'कॉडा' म्हणतात, तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आपलं 'शेपूट घालणं' आठवा. करायला हवं होतं ते भीतीपोटी टाळलं, असा सरळ आरोप त्यात आहे. १९१४ मध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टन गावी एका निवृत्त अ‍ॅडमिरलनं ३० बायकांना कामाला लावलं: सैन्यात न गेलेले पुरुष दिसले की भ्याडपणाची खूण म्हणून पांढरं पीस द्यायचं. हे लोण पसरलं आणि साध्या कपड्यांत रजेवर आलेल्या सैनिकांच्याही हाती ती पिसं पडली. बाहेरून बघून माणसाला कॉवर्ड म्हणणं इतकं चुकू शकतं.

बांधावर रानडुकरांचा कळप, नाल्याच्या चिखलात वाघाचे पंजे, आणि हातात एक बॅटरी. अशा वेळी सोबत मागणारा माणूस कॉशस, म्हणजे सावध. वहीत मी तोच शब्द लिहून दिला.

टिमिड हा स्वभाव झाला, बुजरेपणा. नवखं माणूस दिसलं की गोऱ्हा मागे सरतो, तसा. त्यात आरोप नाही, पण कमीपणा आहे. शाय त्याहून मऊ. त्यात धोक्याची भीती नाही, माणसांची भीड आहे. मुलाखतीत स्वतःबद्दल सांगायचं तर शाय म्हणा.

पोरांना मी आवर्जून शिकवते तो 'कोल्ड फीट'. भाषणाला नाव दिलं आणि स्टेजच्या पायरीवरून परत फिरला, तर 'ही गॉट कोल्ड फीट'. ऐन वेळी कच खाल्ली, एवढंच. जन्माचा शिक्का बसत नाही.

स्पाइनलेस, म्हणजे कणा नसलेला, हा मात्र जपून. खरं माहीत असून ग्रामसभेत मान खाली घालून बसणाऱ्याला तो लागतो. अंधाराला भिणाऱ्याला नाही.

चिकन हे पोरापोरांतलं चिडवणं, पेपरात नको. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातला लिली-लिव्हर्ड वाचताना कळला तरी पुरे: धैर्य यकृतात राहतं असं तेव्हा मानत, आणि भित्र्याचं यकृत रक्ताविना पांढरं.