पॅड बसवायला लाख की हॉट ग्लू?

सॅक्सोफोनची किंवा क्लॅरिनेटची पॅड, म्हणजे चाव्यांखाली बसून वाद्याची भोकं झाकणाऱ्या मऊ चकत्या, बदलायला काढली की कुठल्या जातीची पॅड घ्यायची यावर खूप खल होतो. ती चावीच्या वाटीत कशाने चिकटवायची हे मात्र हाताला जे सापडेल त्यावर ठरतं. साधं पॅड चांगल्या थरावर सपाट बसलं तर वर्षानुवर्षं हवा धरतं. उंची पॅड कमी-जास्त थरावर टेकलं तर खालचे सूर लगेच अडखळायला लागतात. तेव्हा या निवडीला थोडा वेळ द्यावा असं मला वाटतं.

मुख्य पर्याय दोन: चपडा लाखेची कांडी किंवा हॉट ग्लूची कांडी. मी दोन्ही वापरतो आणि दोन्हींवर वाद्यं उत्तम वाजतात. नावाजलेले कारागीरही दोन्हीकडे आहेत. तरी सॅक्सोफोन समोर आला की माझा हात लाखेकडे जातो. त्यामागे ग्लूची एकच कटकट आहे, आणि ती पॅड चिकटवून झाल्यानंतर सुरू होते.

त्याआधी दोन्हींना सारखीच लागू असलेली एक गोष्ट. हा थर पॅडला धरून तर ठेवतोच, शिवाय पॅडची पातळी लावायची असते तीही याच थरावर. म्हणून वाटीचा तळ कडेपर्यंत झाकला गेला पाहिजे. मधोमध एक ठिपका टाकून पॅड दाबलं की ते त्या ठिपक्यावर डुगडुगतं. एक कड टेकली की समोरची उचलली जाते. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा अखंड थर पुरतो. त्याहून बरीच पोकळी भरावी लागत असेल तर पॅडची जाडीच चुकली आहे. ती उणीव गोंदाने भरून काढू नये. चावी रॉडवर, म्हणजे ती ज्या दांडीवर फिरते तिच्यावर, खुळखुळत असेल किंवा टोनहोलचा, म्हणजे पॅडखालच्या भोकाचा, काठ सपाट नसेल तर आधी ते निस्तरावं. तिथे लाखही उपयोगाची नाही आणि ग्लूही नाही.

आता ती कटकट. आल्टो सॅक्सोफोनची खालच्या सीची मोठी चावी घ्या. लीक लाइट, म्हणजे फटी दाखवणारा छोटा दिवा, नळीत सोडला, चावी बोटाने अलगद मिटली आणि रॉडच्या विरुद्ध बाजूला उजेडाची बारीक कोर दिसली. म्हणजे पॅडची मागची कड आधी टेकते आहे आणि पुढची बाजू केसभर खाली यायला हवी.

थर लाखेचा असेल तर वाटीच्या पाठीवर छोटी ज्योत तीन-चार सेकंद फिरवायची, एका जागी धरायची नाही. लाख एकदम सैल होते. पॅडच्या बाजूच्या पुठ्ठ्यात बारीक सुई रोवून पुढची कड जरा खाली ओढायची, सुई काढायची, चावी हलकेच मिटायची आणि थांबायचं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास थर घट्ट होतो. पॅड जिथे सोडलं तिथेच राहतं. पुन्हा लाइट लावला की जे दिसतं ते खरं असतं. फट बुजली असेल तर काम झालं, उरली असेल तर किती उरली ते नेमकं कळतं.

हॉट ग्लूवर हेच करताना पहिली अडचण अशी की ग्लू एकदम सैल होत नाही. आधी मऊ होतो, मग चिवट, आणि खूप वेळाने वाहता. सुईने कड खाली ओढली की खालचा ग्लू रबरासारखा ताणला जातो आणि सुई काढल्यावर पॅडला थोडं मागे खेचतो. म्हणून हवं त्यापेक्षा जरा जास्त ओढावं लागतं, आणि ते जास्त म्हणजे किती, हा प्रत्येक वेळी अंदाजच. दुसरी अडचण याहून त्रासदायक. थर कोमट असताना लाइट लावला तर पॅड चारी बाजूंनी बंद दिसतं, पूर्ण गार झाल्यावर कुठेतरी कोर उघडते. आकसल्यामुळे की ताणलेला ग्लू हळूहळू मागे सरकल्यामुळे, याच्या खोलात मी शिरत नाही. माझ्या टेबलावर हे पुन्हा पुन्हा दिसतं. मोठ्या वाट्यांवर जास्त, छोट्यांवर क्वचित. आल्टोवर 25 च्या आसपास पॅड असतात. प्रत्येकाला दोन वेळा गरम करायचं आणि दर वेळी पुरतं गार होऊ द्यायचं म्हटलं की दिवस जातो. घाईत कोमट पॅडवर विश्वास ठेवला तर वाद्य दुसऱ्या दिवशी परत येतं.

तपासणी कशी करता यावरही हे अवलंबून आहे, हे मान्य. नुसत्या लाइटवर काम करणाऱ्याला हा फरक कमी जाणवेल. सिगारेटच्या कागदाची 2-3 मिलिमीटर रुंदीची पट्टी पॅडखाली पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना ठेवून ओढून पाहा. चारही ठिकाणी ओढ सारखी लागली पाहिजे. ग्लूवरच्या मोठ्या पॅडला ही सारखी ओढ मिळवणं मला तरी जड जातं.

लाखेचे दोष लपवण्यात अर्थ नाही. ती ठिसूळ आहे. थंडीत वाद्याला धक्का बसला तर थर तडकतो, पॅड वाटीत खुळखुळतं आणि कधी निसटून पडतं. ग्लू असा तडकत नाही. दुसरं, लाखेला जास्त आच सोसत नाही. साधारण 75-80 अंश सेल्सिअसला ती छान वाहते. त्यापुढे तापवत राहिलात तर फेस येतो, रंग काळपटतो, मघाचा सौम्य वास उग्र होतो आणि जरा वेळाने ती कायमची कडक होते. अशी जळलेली लाख पुन्हा वितळत नाही, खरवडूनच काढावी लागते. नवशिक्याच्या हातून हे होतंच. पण शिकवताना मला लाखेचा हाच गुण उपयोगी वाटतो. वास बदलला की ज्योत मागे घ्यायची, हे पहिल्याच बैठकीत अंगवळणी पडतं. ग्लू गरम करताना इतकी स्पष्ट खूण मिळत नाही, आणि तो सैल होण्याची वाट पाहता पाहता वाटीचं लॅकर (वरचा चकचकीत लेप) करपतं, मोत्याची बटणं तापतात, चावीच्या पायाचा कॉर्क सुटतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. पाकिटांवर मोहोर उमटवायची लाख इथे चालत नाही. तिच्यात राळ आणि भरड मिसळलेली असते. कांडी शुद्ध चपड्याची हवी.

क्लॅरिनेटचं गणित वेगळं आहे आणि तिथे मी आग्रह धरत नाही. बोएम पद्धतीच्या नेहमीच्या क्लॅरिनेटला 17 चाव्या असतात. वाट्या छोट्या, त्यामुळे वर सांगितलेली ओढाताण फारशी जाणवत नाही. उलट ग्लूची एक सोय होते. वाटीचा तळ पूर्ण झाकेल इतका ग्लू घ्यायचा, पॅड त्यात बसवायचं, चावी वाद्यावर चढवून वाटी पुन्हा जराशी तापवायची आणि बोटाच्या अगदी हलक्या दाबाने मिटायची. पॅड आपली पातळी बऱ्याच अंशी स्वतःच शोधतं. जोरात दाबलं तर मात्र काठाचा खोल ठसा उमटतो आणि चूक त्या ठशातच कायम होते. इथे धोका आचेचा आहे. या पॅडवरची पातळ झिल्ली आचेने आक्रसते, आणि ग्लूला वेळ जास्त लागतो म्हणून ती जास्त तापते. शिवाय चावी वाद्यावर असताना खाली लाकूड किंवा प्लास्टिक असतं. तिथे उघडी ज्योत नकोच. बारीक तोंडाचा हॉट एअर वापरावा. शेवटी वरच्या जोडाची सगळी भोकं बोटांनी बंद करून, खालचं तोंड तळहाताने झाकून हवा ओढा. ओढलेली पोकळी काही सेकंद टिकली तर पॅड चिकटवायला काय वापरलं, याला फारसं महत्त्व उरत नाही.

ग्लू घ्यायचाच असेल तर कांडीवरचं तापमान बघून घ्या. 120 अंशांच्या आसपास चालणाऱ्या कमी तापमानाच्या कांड्या आणि 190 च्या आसपासच्या जास्त तापमानाच्या कांड्या वेगवेगळ्या मिळतात. झिल्लीच्या पॅडसाठी पहिली सोयीची. पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत वाद्य राहणार असेल तर ती मऊ पडून पॅड सरकण्याची भीती असते. लाखेलाही त्या गाडीत अभय नाही. ग्लू गनने थेट वाटीत भरू नका, काठावर कोळिष्टकासारखे धागे लोंबतात. कांडीचं टोक तापलेल्या वाटीत टेकवून वितळवलं तर प्रमाण हातात राहतं.

जुनं पॅड काढताना ग्लू सरस आहे, हेही सांगायला हवं. गार थराच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडला की बहुतेक वेळा अख्खी चकती उचलून येते. लाख गरम असतानाच कापडाने पुसून घ्यावी लागते आणि उरलेली स्पिरिटने विरघळवावी लागते. हे स्पिरिट जुन्या वाद्यांवरच्या काही लॅकरांना खातं. त्यामुळे बोळा वाटीच्या आतच फिरवावा, बाहेर ओघळू देऊ नये.

तर कोणी काय घ्यावं? वाद्य शाळेच्या बँडचं असेल, हाताळणारी मुलं असतील, ते रोज आपटणार असेल आणि एखाददुसरं पॅड बदलून लगेच परत द्यायचं असेल, तर ग्लू घ्या. वाद घालणार नाही. फक्त क्लॅरिनेटवर काम करणाऱ्यालाही मी तेच सांगेन. सॅक्सोफोनचा पूर्ण संच बदलणार असाल, विशेषतः टेनर किंवा बॅरिटोनच्या मोठ्या वाट्या असतील, किंवा पॅडची पातळी लावायला नव्याने शिकत असाल, तर लाख घ्या. सुरुवातीची एक-दोन पॅड जळतील. त्यासाठी एखादी निकामी चावी आणि जुनी पॅड बाजूला ठेवा आणि तीवरच थर घालणं, सैल करणं, कड ओढणं हे हातात बसेपर्यंत करा.

एकाच वाटीत दोन्ही मिसळू नका. जुन्या ग्लूवर लाख नीट धरत नाही आणि लाखेच्या उरलेल्या पापुद्र्यावरून ग्लू सुटतो. आधी कोणी काय वापरलं ते ओळखायला सुईचं टोक पुरतं: थर कडक असून टोचल्यावर कच मारून तुटला तर लाख, टोक आत रुतलं आणि थर लवचीक लागला तर ग्लू. ओळख पटली की तळाचा पितळी रंग दिसेपर्यंत वाटी साफ करा आणि मगच नवी कांडी तापवा.