नागपूरच्या गोकुळपेठेतलं टू-व्हीलर गॅरेज: पोरांना दोन सुट्ट्या, पगार पूर्ण, काम एक नंबर

स्कूटर मी कधीपासून इथेच देतो, पण रिव्ह्यू आत्ता लिहितोय कारण मालकाने मेकॅनिक पोरांचा हप्ता सहा दिवसांवरून पाच दिवसांचा केला आणि पगारातला एक रुपया कापला नाही. टाइम तोच, सकाळी १० ते संध्याकाळी ७, मध्ये जेवायची सुट्टी. सुट्टीच्या दिवसाचं काम बाकीच्या दिवसांत कोंबलं नाही हे मला लई महत्त्वाचं वाटतं, कारण राज्य सरकारच्या ऑफिसांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला तेव्हा रोजची वेळ वाढवून पावणेदहा ते सव्वासहा केली होती, तसं इथे नाही, इथे तास खरंच कमी झाले.

आता कामाचं. मागचा ब्रेक नीट लागत नव्हता अन् पिकअप गेला होता. पोराने आधी स्वतः गाडी चालवून पाहिली, मग ब्रेक शू काढून हातात दाखवले, बेल्ट-रोलर बदलले, एअर फिल्टर अजून चालते म्हणाला आणि तसंच साफ करून लावलं. हे असं शांतपणे समजावून सांगणं आधी नव्हतं भाऊ. मे महिन्यात ४५ डिग्रीत पत्र्याखाली पोरं काम करून राहायची, संध्याकाळपर्यंत पार थकून जायची, अन् मग घाईत कोणाचा नट ढिला तर कोणाची केबल टाइट.

मालकाला विचारलं पगाराचं कसं जमवता, तर म्हणाले पार्टसाठी बाजारात चकरा मारण्यातच पोरांचा अर्धा वेळ जायचा. आता आदल्या दिवशी फोनवरच बिघाड विचारून पार्ट मागवून ठेवतात, आणि कम्प्लेंट घेऊन परत येणाऱ्या गाड्या कमी झाल्या त्यामुळे तेच काम फुकटात दुसऱ्यांदा खोलावं लागत नाही.

लोक म्हणतात हे सगळं एसी ऑफिसवाल्यांना जमतं. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये ६१ कंपन्यांनी सहा महिने पूर्ण पगारात कमी तासांचा हप्ता करून पाहिला, त्यात मासे तळून विकणारं एक दुकान पण होतं, आणि बहुतेकांनी ते पुढेही चालू ठेवलं. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ मध्ये ४० तासांचे ३५-३६ केले तेव्हा त्यात हॉस्पिटलचे कर्मचारी पण होते. मग गॅरेजला काऊन नाही जमणार? काटोलकडचा एक पोरगा आहे, तो आता दोन दिवस घरी राहून येतो, आधी रात्री पोहोचला की सकाळी परत निघायचा.

दोन गोष्टी माहीत असू द्या. लेबर चार्ज थोडा वाढलाय, मला तो पटला. आणि "आत्ता टाकतो, दोन तासांत द्या" आता चालत नाही, फोन करून नंबर लावावा लागतो. सोमवारी पूर्ण बंद, दुसरी सुट्टी पोरं आळीपाळीने घेतात, त्यामुळे ठरावीक मेकॅनिकच पाहिजे असेल तर त्याचा दिवस विचारून घ्या. रविवार सगळ्यात आधी भरतो.